हिराकाकूंच्या ओट्यावरची रोझरी

तात्या, काकूंच्या लेकी, मळ्यातली सगळी मंडळी, आणि वसईहून, पुण्याहून, संगमनेरहून आलेले माझे मित्र-मैत्रिणी,

कांदा लागणीचे दिवस आहेत. मजूर मिळत नाहीत. रोपं वाफ्याच्या कडेला काढून ठेवलेली येताना पाहिली मी. तरी तुम्ही सगळे इथे येऊन बसलात. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "बसताय काय, रोपं सुकत्यात तिकडं." आज म्हणायला त्या नाहीत, म्हणून थोडा वेळ बसू.

दशक्रियेला नदीवर पुष्कळ जण बोलले. चांगलं बोलले. काकू किती कष्टाळू होत्या, आल्यागेल्याला कसं जेवू घालत, ते सांगितलं. तात्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहून माइककडे बोट दाखवलं होतं. मी नको म्हणालो. तात्या, राग मानू नका. माझं कामच लिहिण्याचं आहे. पेपरात किती माणसांच्या जाण्याच्या बातम्या लिहिल्या असतील. वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, तेवढ्यात माणूस बसवायचा. पण काकू काही बसेनात. आणि नदीवर, त्या गर्दीत, मला जे सांगायचं होतं ते सांगता आलं नसतं. ते या ओट्यासमोरच सांगायला हवं होतं.

कारण मंडळी, हा ओटा म्हणजे आमचं चर्च होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही इथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा तिथे कॅथलिक मुलं मोजकीच. वसईची सिल्विया, वसईचाच मेल्विन, संगमनेरकडचा मी, आणि वर्षभराने आलेले आमच्या मागच्या वर्षातले दोघं. पाच जण. मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, एसटी पकडून पुण्याकडे जायचं, तेही जमेल त्या रविवारी. घरी असताना संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, ठरलेली. आई हाक मारणार, आपण कुरकुरत गुडघ्यांवर बसणार. इथे हाक मारणारं कुणी नव्हतं. आणि गंमत अशी, की हाक मारणारं कुणी नसल्यावरच आम्हाला रोझरीची आठवण यायला लागली.

सिल्विया काकू आणि त्यांचे यजमान तात्या यांच्या मागच्या भाड्याच्या खोलीत राहायची. आम्ही मुलं रस्त्यापलीकडे, काकूंच्या दिरांच्या खोल्यांत. एक दिवस आम्ही काकूंकडे आलो. म्हटलं, काकू, संध्याकाळी अर्धा तास सिल्वियाच्या खोलीत बसून प्रार्थना केली तर चालेल का?

काकू मेथीच्या जुड्या बांधत होत्या. वरही न बघता म्हणाल्या, "खोलीत पोरं न्हाई यायची."

"काकू, प्रार्थनेसाठी."

"कशासाठी बी. पोरीच्या खोलीत पोरं न्हाई यायची. हितं वट्यावर बसा. समद्यांना दिसंल आसं."

आता तुम्हीच सांगा. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. गावात नवीन. प्रार्थना ही आमची घरातली गोष्ट, चार भिंतींतली. ती रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर करायची? मेल्विन म्हणाला, "जाऊ दे, आपापल्या खोलीत करू." पण सिल्विया ऐकेना. ती म्हणाली, "रोझरी एकट्याची नसते. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर कोण देणार? तुझा टेबल फॅन?"

म्हणून आम्ही ओट्यावर बसलो. पहिले काही दिवस इतक्या हळू म्हणायचो की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नसे. रस्त्याने मोटरसायकल गेली की थांबायचो. काकूंनी दोन-तीन दिवस पाहिलं. मग म्हणाल्या, "देवाचं नाव घेताय का कुनाची चुगली करताय? मोठ्यानं म्हना की!"

त्या दिवसापासून आम्ही मोठ्याने म्हणायला लागलो.

मळ्यात कुतूहल होतंच. ते साहजिक होतं. एकदा पिंपळवंडीहून काकूंच्या माहेरचे पाहुणे आले होते. ते पायरीवर उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले. मग तात्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पावणं, ही पोरं काय म्हनत्यात?"

तात्या म्हणाले, "जप करत्यात."

"कुनाचा?"

"मारियेचा."

"ही कोन?"

तात्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "आई हाय त्यांच्या देवाची. आईचंच नाव घेत्यात लेकरं. त्यात काय वावगं?"

पाहुणे चहा पिऊन गेले. तात्या, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. आम्ही मात्र ते विसरलो नाही. माळ हातात धरून खाली मान घालून बसलो होतो, पण कान तुमच्याकडे होते सगळ्यांचे.

रोझरीचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात दहा वेळा 'नमो मारिये'. आम्ही पाच जण, म्हणून एकेकाला एकेक भाग. पहिला माझा, चौथा सिल्वियाचा. ते ठरूनच गेलं होतं. आणि सुरुवात करण्याआधी हेतू सांगायचा. हेतू म्हणजे आजची ही प्रार्थना आपण कशासाठी, कुणासाठी करतो आहोत, ते मोठ्याने बोलून दाखवायचं. आमचे हेतू काय असणार? मॅथ्स थ्री सुटू दे. व्हायवाला बाहेरचा परीक्षक चांगला येऊ दे. मेल्विनचा एकच हेतू महिनाभर चालला होता, की मेसमध्ये रोज बटाटा नको.

काकू उंबऱ्याशी बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या. सकाळी मंचरच्या बाजारात जायची भाजी. त्यांचा हात आमच्या तालावर चालायला लागला. एखाद्या दिवशी आम्ही परीक्षेच्या घाईत भराभर उरकलं की तक्रार यायची, "आज लई पळवलं तुमी. माझ्या जुड्या राहिल्या की." एकदा फादर आले होते आम्हाला भेटायला. त्यांना आम्ही हे सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, आमच्या चर्चमध्ये सगळे मी लांबवतो म्हणून तक्रार करतात. घाई केली म्हणून तक्रार करणारी ही एकटीच भेटली.

मग एक दिवस काकूंनी विचारलं, "तुमचं ते हेतू का फेतू, ते आमाला सांगता येतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सिल्विया म्हणाली, "येतं की. सांगा."

"म्हस आटलीय. दूध दिऊ दे."

त्या दिवशी आम्ही पाच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी म्हशीसाठी रोझरी म्हटली. हसू नका. मनापासून म्हटली. पुढे काकूंचे हेतू रोज यायला लागले. धाकटीचं जमू दे. टोमॅटोला दर मिळू दे. कॅनॉलला पाणी सुटू दे. काकूंचा स्वतःचा देवधर्म होताच. सकाळी देवघरात दिवा, चैत्रात देवीची यात्रा, सोमवारचा उपास, त्यात कधी खंड नाही. त्यांना दोन्हीत काही अडचण वाटत नव्हती. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "तुज्या आईला मी काकी म्हनले म्हून माझी आई कमी व्हती का रं?"

उपासावरून आठवलं. ईस्टरच्या आधी आमचा उपवासाचा काळ असतो. शुक्रवारी मांस खायचं नाही, साधं जेवायचं. सिल्वियाने काकूंना सांगितलं, काकू, शुक्रवारी आमचा उपवास. झालं. शुक्रवारी मेसऐवजी काकूंकडे सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी. आम्ही म्हटलं, काकू, आमच्या उपवासाला भाकरी चालते.

काकूंचा विश्वास बसेना. "भाकरी चालती? भाजी?"

"चालते."

"मग काय न्हाई चालत?"

"मटण."

काकूंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आरं, मग आमचा तर बारा महिने उपासच हाय!"

पण भाकरी काही मिळाली नाही. उपास म्हणजे उपास. तिथे त्या फादरचंही ऐकणार नव्हत्या. कॉलेज संपेपर्यंत त्या काळातले आमचे सगळे शुक्रवार साबुदाण्यावर आणि भगरीवर गेले. आजही ईस्टर जवळ आला की मेल्विनच्या घरी वसईला खिचडी होते. त्याच्या बायकोला वाटलं होतं ही आमच्या धर्मातलीच काहीतरी जुनी पद्धत असेल.

आणि बिबट्याची गोष्ट तर मळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ऊस तोडणीला आला होता. दिरांची शेळी गेली, मग तात्यांचं कुत्रं गेलं. त्या संध्याकाळी काकू मेथी न घेताच येऊन बसल्या. म्हणाल्या, "आज माझा हेतू. बिबट्या मरू दे."

मेल्विन गडबडला. "काकू, कुणी मरावं म्हणून नाही करता येत प्रार्थना."

"का? तुमच्या देवाला बिबट्या आवडतो?"

"शत्रूसाठीसुद्धा चांगलंच मागायचं असतं."

"बरं. बिबट्यासाठी तुमी मागा. शेळीसाठी कोन मागनार?"

शेवटी सिल्विया म्हणाली, "काकू, आपण असं मागू. बिबट्याला दुसरीकडे भरपूर खायला मिळू दे."

"दुसरीकडं म्हंजे कुटं?"

सिल्वियाला इथली फार गावं माहीत नव्हती. एक माहीत होतं ते तिने सांगितलं. "पिंपळवंडीला."

"अगं भवाने! माझ्या माहेरी धाडतीस व्हय त्याला!"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. अखेर पिंजऱ्यात सापडू दे आणि डोंगरात नेऊन सोडला की सुखाने राहू दे, यावर तडजोड झाली. सापडला की नाही, हा वेगळा विषय. तात्या म्हणतात, सापडला तो दुसराच होता.

मंडळी, मी हे सगळं सांगतोय आणि तुम्ही हसताय, मलाही बरं वाटतंय. पण मला ज्यासाठी उभं राहायचं होतं, ते अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी सिल्वियाचे पप्पा आजारी पडले. वसईला त्यांची फुलांची वाडी होती. घरात कमावणारे तेच. दुखणं मोठं होतं. सिल्विया दर पंधरा दिवसांनी घरी जायची, परत यायची. आमच्या मॅथ्स थ्री आणि व्हायवा सगळे गळून पडले. रोज एकच हेतू. आम्ही तो नीट शब्दांत मांडायचो, सिल्वियाच्या वडिलांना आरोग्य लाभावं. काकूंना ते शब्द पुरेसे वाटत नसत. आमचं झालं की त्या उंबऱ्यातून आपलं वेगळं म्हणायच्या, "सिल्वीच्या बापाला बरं वाटू दे." रोज. न चुकता. आमचा एखादा दिवस राहिला असेल, त्यांचा नाही. देवीलाही त्यांनी नवस बोलला होता. ते आम्हाला नंतर कळलं.

पावसाळा संपता संपता पप्पा गेले.

सिल्विया महिनाभर घरी राहिली. मग परत आली. आली ती वेगळीच. कॉलेजला जायची, यायची, खोलीत बसायची. संध्याकाळी आम्ही ओट्यावर जमलो की ती आत. पहिल्या दिवशी मी दाराशी जाऊन म्हटलं, सिल्विया, येतेस ना? आतून म्हणाली, "तुम्ही करा." बस. एवढंच.

आम्ही केलं. मान खाली घालून, पुन्हा हळू आवाजात, पहिल्या वर्षासारखं. चौथा भाग मेल्विन म्हणायला लागला. आणि आमच्या मनात एकच. देवाने तिचं ऐकलं नाही, आता ती देवाचं कशाला ऐकेल? महिनोन्‌महिने आपण मागत राहिलो आणि मिळालं नाही. आता तिच्या कानावर ती प्रार्थना पडते आहे, ती तिला कशी लागत असेल? म्हणून आम्ही काय केलं? पप्पांचं नाव घेणं थांबवलं. कुणी ठरवलं नव्हतं. आपसूक झालं. हेतू सांगताना सगळे परत परीक्षांवर आले. तिला त्रास नको, हाच विचार. आमच्या वयाला तेवढंच सुचत होतं.

मग एके दिवशी कळलं की ती कॉलेज सोडून चालली आहे. आम्हाला नाही, तात्यांना सांगितलं तिने. रविवारी सामान न्यायला गाडी बघा म्हणाली. आई एकटी आहे, वाडी बघायला कुणी नाही, असं कारण. कारण खरंच होतं. पण आईने तिला बोलावलेलं नव्हतं. आईचा फोन काकूंना आला होता, की पोरीला तेवढं पुरं करू द्या, तिच्या पप्पांची तीच इच्छा होती. काकूंनी समजावून पाहिलं. आम्ही पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि परत कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. मेल्विन म्हणाला, "ओरडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं."

शनिवारची संध्याकाळ. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली. आम्ही ओट्यावर बसलो. बसायचं म्हणून बसलो. कोणाला हेतू सुचेना. मागच्या वर्षातला एक जण सबमिशनचं काहीतरी पुटपुटला. काकू उंबऱ्यात जुड्या बांधत होत्या, त्यांचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. आमचं झालं, आता माझ्या पाळीने सुरू करायचं, एवढ्यात नेहमीच्या सवयीने, नेहमीच्या आवाजात काकू बोलून गेल्या.

"सिल्वीच्या बापाला बरं वाटू दे."

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. तात्या म्हशीला वैरण टाकत होते, ते तसेच पेंढी हातात घेऊन उभे. "अगं..." एवढंच म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. आम्ही कोणी कोणाकडे पाहिलं नाही. जाऊन माफी मागावी तर काय म्हणून मागायची? उठून जावं तर ते आणखी वाईट. म्हणून मी सुरू केलं. नमो मारिये.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसरा कसा झाला ते आठवत नाही. चौथ्यासाठी मेल्विनने श्वास घेतला. आणि दारातून दुसराच आवाज आला.

ती आली होती. चौकटीला टेकून उभी होती. तिने तिचा भाग म्हटला. आवाज फुटत होता, मध्ये दोनदा थांबली. आम्ही थांबलो. ती परत सुरू करायची. आम्ही उत्तर द्यायचो. उत्तर द्यायलाच तर बसलो होतो आम्ही तिथे.

प्रार्थना संपली तशा काकू उठून तिच्याजवळ गेल्या. रडत होत्या. "पोरी, जीभ घसरली गं माझी. सवयीनं आलं. माझ्या मनात तसं काय नव्हतं."

सिल्विया म्हणाली, "घसरू दे, काकू." मग आमच्याकडे वळली. ते वाक्य मी अजून ऐकतो. म्हणाली, "रोज आत बसून ऐकत होते मी. आज तरी कोणी पप्पांचं नाव घेईल. आजारी होते तोवर रोज घेत होतात ना? गेले तर एका दिवसात सोडलंत?"

मेल्विन म्हणाला, "तुला त्रास होईल म्हणून..."

"त्रास होतच होता. त्यात मी एकटीच होते."

मंडळी, आमच्या धर्मात गेलेल्यांसाठी प्रार्थना असते. नोव्हेंबरचा अख्खा महिना असतो त्यांच्या नावाचा. लहानपणापासून करत आलो आम्ही. आणि हाताशी असलेली ती गोष्ट आम्हा चौघांना सुचली नव्हती. भिडेपोटी सुचली नव्हती. काकूंनाही सुचून केलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना कुणी थोर-बिर म्हटलेलं आवडलं नसतं. त्यांची चूकच झाली होती, आणि ती चूक झाली म्हणून वर्षानुवर्षं त्यांना वाईट वाटत राहिलं. सिल्विया फोन करायची तेव्हा दर वेळी म्हणायच्या, "त्या दिशी मी तसं बोलाया नको व्हतं गं." सिल्विया दर वेळी सांगायची, काकू, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर मी गेले असते. काकूंना ते कधीच पटलं नाही.

रविवारी गाडी आली. तात्यांनी ती परत पाठवली.

त्यानंतर मेल्विनने काकूंना शिकवायचा प्रयत्न केला. म्हणाला, काकू, आता असं म्हणायचं, मृताच्या आत्म्यास चिरशांती लाभो. काकूंनी दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं ते. लई जड हाय. मी आपली पयलंच म्हनते. चालंल का?" आम्ही सिल्वियाकडे पाहिलं. ती म्हणाली, "तेच म्हणा, काकू." आणि काकू तेच म्हणत राहिल्या. आम्ही पास होऊन गेलो, नवी मुलं आली, त्यांच्या रोझरीतही काकू उंबऱ्यातून तेच म्हणायच्या. त्या मुलांना कळायचं नाही हा सिल्वीचा बाप कोण. तरी ती उत्तर द्यायची.

त्या दिवसानंतर सिल्विया रोज ओट्यावर बसली, असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. काही दिवस बसायची, काही दिवस आत राहायची. आत असली की आम्ही हाक मारत नव्हतो. पण हेतूच्या वेळी नाव मोठ्याने घ्यायचो, आतपर्यंत जाईल असं. ती इंजिनिअर झाली. आईला तिने सांभाळलं. काल ती वसईहून आली आहे, तिच्या मुलीला घेऊन. तिथे तुळशीपाशी बसली आहे. तिला बोल म्हटलं तर म्हणाली, तू बोल, मला नाही जमणार. पण मी हे सांगू का, असं तिला विचारलं होतं. हो म्हणाली, म्हणूनच सांगितलं.

मी इंजिनिअर झालो आणि पेपरात गेलो, याबद्दल काकूंनी मला कधी माफ केलं नाही. "एवढं शिकून रोज कुनी मेलं-गेलं तेच लिहितोस व्हय?" म्हणायच्या. काकू, आज तेच करतोय. पण आज लिहिलेलं नाही, बोलतोय.

आता दोन शब्द इथल्या मुलींशी. या ओट्यामागच्या खोल्यांत आता तुम्ही तिघी राहता. काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी रोझरी म्हणत होतात. तात्यांनी मला सांगितलं. खिडकी उघडी ठेवायला लावायच्या म्हणे, आवाज यावा म्हणून. आज सकाळी मी तुम्हाला विचारलं, अजून म्हणता का? तर तुमच्यातली एक म्हणाली, "दादा, त्या गेल्यापासून इथे बसलो नाही आम्ही. तात्यांना कसं वाटेल, असं वाटलं."

मुलींनो, तुमचं काही चुकलं नाही. आम्हीही असंच केलं होतं. पण त्या आतल्या खोलीत तात्या बसलेले असतात. संध्याकाळ होते. मोटरसायकली जातात, म्हैस हंबरते, सगळे आवाज येतात. एक तेवढा येत नाही. मी तात्यांना विचारलं नाही, त्यांना काय वाटतं. तात्या सांगणारे नाहीत. पण काल मी त्यांच्यापाशी बसलो होतो. दिवेलागणीला त्यांनी उठून खिडकी उघडली. गार वारं येत होतं, तरी उघडली. आणि बराच वेळ उघडी ठेवली.

तर आज संध्याकाळी बसा. मोठ्याने म्हणा. हेतू सांगताना त्यांचं नाव घ्या. तुम्हाला जे शब्द येतात त्यांत घ्या, जड वाटले तर सोप्यांत घ्या. आम्ही पाचही जण आज इथे आहोत, आम्ही उत्तर द्यायला बसू. ज्यांना आमची प्रार्थना येत नाही त्यांनी नुसतं बसावं. तुमच्या हाताशी मेथी असली तर मेथी घेऊन बसा.

आणि आता, अशा सभेत शेवटी आपण उभं राहून शांत राहतो. आपण राहू. पण लगेच नको. आधी त्यांचं नाव सगळ्यांनी एकदा मोठ्याने घेऊ. तात्या, तुम्ही बसूनच राहा, पण तुम्हीही घ्या. आयुष्यभर तुम्ही त्यांना 'अगं' म्हणून हाक मारली, आज नावाने मारा. आत घरापर्यंत जाईल असं घेऊ, आणि मग गप्प होऊ.

उठा, मंडळी.

हिराबाई.